पॉली फार्मर आणि चेंडू देण्याची विद्या

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून खेळाडूंची चरित्रे क्वचितच सांगितली जातात. संत, सेनापती, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ यांच्या चरित्रांना आपण मानाचे पान देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु खेळाडू म्हटला की वर्तमानपत्राचे शेवटचे पान त्याला पुरे, अशी आपली एक समजूत असते. ही समजूत आम्हाला बरोबर वाटत नाही. ज्या खेळाभोवती एखाद्या देशातील लाख लाख माणसे शनिवारच्या दुपारी गोळा होतात, त्या खेळात त्या समाजाचे गुण, त्याचे दोष, त्याची न्यायबुद्धी आणि त्याचे अन्याय हे सारे उमटल्यावाचून राहत नाही. म्हणून आज आम्ही एका अशा खेळाडूची ओळख करून देणार आहोत की, ज्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही; पण ऑस्ट्रेलियात मात्र ते घरोघरी ठाऊक आहे. त्याचे नाव ग्रॅहॅम फार्मर. लोक त्याला ‘पॉली’ फार्मर म्हणत.

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेट येते. ब्रॅडमनच्या धावा आणि मेलबर्नचे विशाल मैदान आपल्याला पाठ असते. परंतु आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो, आणि त्या दिवसांत ह्याच मैदानावर एक वेगळाच खेळ चालतो. तो आपला फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. त्याला ‘ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल’ असे म्हणतात. फार्मरने काय केले हे समजायचे, तर आधी ह्या खेळाची तोंडओळख करून घेतली पाहिजे.

खेळ कसा आहे?

हा खेळ जन्मला तोच मुळी क्रिकेटच्या पोटी. १८५८ साली टॉम विल्स ह्या नामांकित क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका क्रीडाविषयक पत्रात लिहून सुचवले की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे जड होऊ नयेत म्हणून फुटबॉलचा एक क्लब काढावा आणि त्याचे नियम ठरवावेत. पुढच्याच वर्षी, १८५९च्या मे महिन्यात, मेलबर्न क्लबच्या मंडळींनी ते नियम लिहून काढले. इंग्लंडमधील फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली ती १८६३ साली. म्हणजे हा वसाहतीतला खेळ नियमांच्या बाबतीत विलायतेच्याही चार पावले पुढे होता.

क्रिकेटचेच मैदान वापरायचे असल्यामुळे ह्या खेळाचे मैदान लंबगोल असते. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. चेंडूही लंबगोलच, त्यामुळे तो टप्पा खाऊन कोणीकडे उडेल याचा नेम नसतो. दोन्ही टोकांना चार चार उंच खांब रोवलेले असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारून पलीकडे घातला की तो ‘गोल’. त्याचे गुण सहा. चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला की तो ‘बिहाइंड’. त्याचा गुण एक. म्हणून ह्या खेळाचा धावफलक थोडा हिशेबाचा असतो. एखाद्या संघाने १५ गोल आणि १९ बिहाइंड केले, तर पंधरा सक नव्वद आणि वर एकोणीस, असे १०९ गुण झाले.

ह्या खेळात ‘ऑफसाइड’ नाही; कोणीही कोठेही उभे राहावे. दुसऱ्या खेळाडूने पायाने मारलेला चेंडू जमिनीला लागण्यापूर्वी झेलला, तर त्याला ‘मार्क’ म्हणतात, आणि मार्क घेणाऱ्याला निर्वेधपणे पुढची किक मारता येते. म्हणून हवेत झेप घेऊन, प्रसंगी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघे टेकवून, चेंडू झेलण्याची अचाट दृश्ये ह्या खेळात दिसतात. चेंडू हाताने फेकायला मात्र सक्त मनाई. हातानेच द्यायचा झाला तर तो एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून द्यावा लागतो. ह्याला ‘हँडबॉल’ म्हणतात. आमच्या आजच्या विषयाचे मर्म ह्या एका शब्दात आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खेळ सुरू होताना, तसेच प्रत्येक गोलनंतर, पंच मैदानाच्या मध्यभागी चेंडू जोराने आपटत असे. चेंडू उंच उडे आणि दोन्ही बाजूंचे दोन धिप्पाड गडी त्याच्यासाठी उडी घेत. ह्या गड्याला ‘रकमन’ म्हणतात. चेंडू थोपटून खाली उभ्या असलेल्या आपल्या चपळ, ठेंगण्या साथीदाराकडे, म्हणजे ‘रोव्हर’कडे, धाडायचा, एवढेच रकमनचे काम समजले जात असे. मोट ओढणाऱ्या बैलाचे जे स्थान तेच त्याचे. त्याच्याकडून बळाची अपेक्षा होती, बुद्धीची नव्हती. फार्मर हा रकमन होता.

जन्म आणि बालपण

ग्रॅहॅम फार्मरचा जन्म १० मार्च १९३५ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियात, फ्रीमँटल बंदराच्या उत्तर भागात झाला. त्याची आई नूंगर जमातीची. नूंगर हे त्या प्रदेशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील मूळ रहिवासी. गोऱ्यांची गलबते किनाऱ्याला लागण्यापूर्वी हजारो वर्षे ते तेथे राहत होते. परंतु ज्या काळात फार्मर जन्मला त्या काळात आपल्याच भूमीत ह्या लोकांची स्थिती कशी होती, हे कायद्याच्या भाषेतच सांगणे बरे. १९०५च्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या मुलांचे पालकत्व आईबापांकडे न ठेवता एका सरकारी अधिकाऱ्याकडे सोपवले होते. १९३६च्या कायद्याने ही पालकत्वाची मुदत वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत वाढवली. मुलाला आईपासून काढून एखाद्या वसतिगृहात धाडायचे झाल्यास आईची संमती आवश्यक नव्हती.

ए. ओ. नेव्हिल हा दीर्घकाळ ह्या खात्याचा प्रमुख होता. ज्या मुलांचा वर्ण उजळ आहे त्यांना त्यांच्या आप्तांपासून तोडून गोऱ्या समाजात मिसळून टाकावे, म्हणजे काही पिढ्यांनी प्रश्नच उरणार नाही, असे त्याचे धोरण होते. सिस्टर केट नावाच्या एका वृद्ध ख्रिस्ती संन्यासिनीने १९३३ साली पर्थजवळ अशा मुलांसाठी एक आश्रम काढला. बाईंच्या मायेबद्दल पुष्कळ मुलांनी पुढे चांगले सांगितले आहे. पण आश्रमात कोणती मुले यायची हे त्यांच्या कातडीच्या रंगावरून ठरत असे, ही गोष्टही तितकीच खरी. छोटा ग्रॅहॅम अगदी कोवळ्या वयात ह्या आश्रमात आला आणि तेथेच वाढला.

लहानपणी त्याला पोलिओ झाला. दुखणे सरले, पण एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड राहिला. तो फार बडबड्या होता. आपण पोपटाला जसे ‘मिठू’ म्हणतो तसे इंग्रजी बोलणारे लोक ‘पॉली’ म्हणतात. तेव्हा ह्या बोलक्या पोराचे नाव पॉली पडले आणि ते जन्मभर राहिले. गंमत अशी की, मोठेपणी मात्र तो फार मितभाषी म्हणून प्रसिद्ध होता.

म्हणजे पाहा: आईवेगळे बालपण, आखूड पाय, आणि कायद्याने दुय्यम ठरवलेली जात. अशा मुलाला एका धिप्पाडांच्या खेळात पुढे यायचे होते. आश्रमाच्या आवारातील मुलांच्या खेळांतून तो घडला, स्थानिक संघाकडून खेळू लागला, आणि मोटारदुरुस्तीचे काम शिकत असतानाच पर्थच्या मोठ्या क्लबांचे लक्ष त्याच्याकडे गेले.

ईस्ट पर्थची नऊ वर्षे

१९५३ साली फार्मर ईस्ट पर्थ क्लबकडून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मुख्य लीगमध्ये खेळू लागला. त्याच वर्षी त्याच क्लबात आश्रमातला त्याचा सोबती टेड किलमरीही आला. त्या लीगमध्ये वर्षातील सर्वोत्तम आणि सर्वांत सचोटीने खेळणाऱ्या गड्याला पंचांच्या मतांनी ‘सँडोव्हर पदक’ देतात. १९५६ साली ते फार्मरला मिळाले, १९५८ साली किलमरीला, आणि १९६० साली पुन्हा फार्मरला. १९५७ साली फार्मरची मते दुसऱ्या एका खेळाडूच्या बरोबरीने पडली होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पदक दुसऱ्याला गेले. चाळीस वर्षांनी, १९९७ साली, लीगने अशा सर्व बरोबरीवाल्यांना पदके दिली आणि फार्मरचे तिसरे पदक त्याच्या पदरात पडले. एकाच आश्रमात वाढलेल्या दोन मुलांनी पाच वर्षांत एवढे यश मिळवावे, ही लहान गोष्ट नव्हे.

ईस्ट पर्थने त्याच्या काळात १९५६, १९५८ आणि १९५९ अशी तीन अजिंक्यपदे मिळवली. क्लबने आपला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला सात वेळा निवडले. १९५६ साली पर्थमध्ये भरलेल्या आंतरराज्य सामन्यांतही सर्वोत्तम खेळाडूचे पदक त्यालाच मिळाले.

परंतु पदकांची यादी वाचून दाखवणे हा आमचा हेतू नाही. अशी यादी पुष्कळांची असते. फार्मरचे वेगळेपण कशात होते, ते आता पाहू.

देणे हीच चढाई

फार्मरच्या आधीच्या काळात ह्या खेळाची मुख्य कल्पना होती ती लांब किक मारण्याची. चेंडू मिळाला की तो शक्य तितका दूर, गोलच्या दिशेने भिरकावायचा. तिकडे दोन्ही बाजूंचे गडी झेपा घेत, आणि ज्याला मिळेल त्याला मिळेल. हँडबॉल नियमात होता, पण त्याला प्रतिष्ठा नव्हती. चेंडू हातात असताना प्रतिस्पर्ध्याने मिठी मारली आणि चेंडू रीतसर सोडला नाही, तर पंच त्याची शिक्षा म्हणून प्रतिपक्षाला फ्री किक देतो. ह्या अडचणीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे हँडबॉल. घराला आग लागली म्हणजे सामान खिडकीतून बाहेर टाकावे, तसा तो प्रकार होता. ज्याला किक मारता येत नाही तो हँडबॉल करतो, असेच लोक समजत. त्याचा चांगला उपयोग करणारे कोणी नव्हतेच असे नाही. पण त्यावर साऱ्या खेळाची उभारणी करावी, असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते.

फार्मरने ह्या प्रश्नाचा वेगळा विचार केला. लांब किक मारली की चेंडू ‘कोणाचाच’ नसतो. हवेत असेपर्यंत त्याच्यावर दोघांचाही सारखाच हक्क असतो. आपण मेहनतीने मिळवलेला चेंडू पुन्हा जुगारात का टाकायचा? त्यापेक्षा आपल्याहून बऱ्या जागी, मोकळा धावत असलेला साथीदार हेरून त्याच्या हातात तो अचूक दिला, तर मिळवलेले गमावण्याची भीती राहत नाही, आणि प्रतिपक्षाचे जे दोन गडी आपल्यावर धावून आलेले असतात ते आपोआप बाद झाल्यासारखे होतात. म्हणजे हँडबॉल ही माघार नसून चढाईची पहिली पायरी आहे. विचार साधा आहे. आज तो ऐकून आपल्याला त्यात नवल वाटणार नाही. परंतु पुष्कळ मोठे विचार सुचल्यानंतरच साधे वाटतात.

नुसता विचार पुरेसा नव्हता. तो अमलात आणायला मूठ तयार हवी होती. फार्मरने ती तासन्‌तास सरावाने तयार केली. मोटारविक्रीच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या उघड्या खिडक्यांमधून नेम धरून तो चेंडू मारीत असे, अशी गोष्ट ऑस्ट्रेलियात सगळीकडे सांगतात. त्याचा हँडबॉल लांब जाई, सरळ जाई, आणि धावणाऱ्या साथीदाराला पाऊल न थांबवता घेता येईल असा त्याच्या पुढ्यात जाई. देताना घेणाऱ्याची सोय पाहायची, हे त्याच्या कलेचे पहिले सूत्र होते. आपल्याकडे म्हणतात की, दान देणाऱ्याने घेणाऱ्याला वाकायला लावू नये. फार्मरचा चेंडू तसा होता.

रकमनच्या उडीतही त्याने असाच पालट केला. तो ६ फूट ३ इंच उंच होता. पण रकमनमध्ये त्याच्याहून उंच गडी असत, आणि पायही सारखे नव्हते. तेव्हा त्याने उंचीची उणीव वेळेच्या हिशेबाने भरून काढली. तो इतरांच्या आधी, लांबून धावत येऊन उडी घेई, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाचाच आधार घेऊन आणखी वर चढे, आणि वर गेल्यावर चेंडू नुसता थोपटण्याऐवजी कित्येकदा दोन्ही हातांनी पकडीत असे. मग जमिनीवर पाय टेकण्यापूर्वीच हँडबॉल सुटलेला असे. ज्याला आजवर बैलाचे काम होते तो रकमन अशा रीतीने खेळाचा सूत्रधार झाला.

अशा गड्याला अडवायचे कसे? १९६१ साली ईस्ट पर्थ संघ अजिंक्यपद घेणार याविषयी कोणालाच शंका नव्हती. अंतिम सामना होता स्वान डिस्ट्रिक्ट्‌स ह्या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाशी. त्यांचा कर्णधार-प्रशिक्षक हेडन बंटन धाकटा ह्याने फार्मरवर दोन रकमन सोडले. एक होता कीथ स्लेटर. क्रिकेटच्या वाचकांना हे नाव कदाचित आठवेल, कारण तो १९५८-५९च्या मोसमात इंग्लंडविरुद्ध ऑस्ट्रेलियाकडून एक कसोटी सामना खेळला होता. दुसरा फ्रेड कॅसलडाइन. चेंडू आपल्याला मिळो न मिळो, फार्मरला मोकळी उडी मिळू द्यायची नाही, असा त्यांचा बेत होता. तो सफल झाला आणि ईस्ट पर्थ हरले. एका माणसाच्या उडीसाठी साऱ्या संघाचा व्यूह रचावा लागला, यातच फार्मरच्या थोरवीची कबुली आहे.

जिलाँग

ऑस्ट्रेलियात त्या काळी राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या लीग होत्या. पण सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत चुरशीची लीग व्हिक्टोरिया राज्याची, म्हणजे मेलबर्न आणि आसपासची होती. पर्थपासून मेलबर्न सुमारे दोन हजार मैल दूर. १९६२ साली फार्मर तेथे, मेलबर्नजवळच्या जिलाँग शहराच्या क्लबात, गेला. पुष्कळ बोलबाला झाला होता. पण पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि ते बहुतेक वर्ष वाया गेले. त्याचे वय तेव्हा सत्तावीस. लंगड्या गुडघ्याचा रकमन संपला, असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही.

पुढच्याच वर्षी त्याने त्याचे उत्तर दिले. जिलाँगचा रोव्हर बिल गॉगिन आणि फार्मर यांची जोडी अशी जमली की, फार्मर उडी घेण्यापूर्वीच गॉगिन कोठे धावायचे ते ओळखीत असे. १९६३च्या अंतिम सामन्यात, मेलबर्नच्या मैदानावर लाखावर प्रेक्षकांसमोर, जिलाँगने हॉथॉर्न संघाचा १०९ विरुद्ध ६० गुणांनी पराभव केला. मघाशी आम्ही जो हिशेब मांडला तो ह्याच सामन्याचा. १९६३ आणि १९६४ ह्या दोन्ही वर्षी जिलाँगने त्याला आपला सर्वोत्तम खेळाडू ठरवले. १९६५पासून तो कर्णधार झाला. १९६७ साली जिलाँग पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले, पण रिचमंड संघाकडून अवघ्या नऊ गुणांनी हरले. तो फार्मरचा जिलाँगकडून शेवटचा सामना ठरला. सहा वर्षांत तो तेथे १०१ सामने खेळला.

सहाच वर्षे, पण त्यांनी व्हिक्टोरियातील खेळाची विचारसरणी बदलायला हातभार लावला. १९७०चा अंतिम सामना ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मध्यंतराला कार्लटन संघ कॉलिंगवुडच्या ४४ गुणांनी मागे होता. कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बरासी यांनी खेळाडूंना हँडबॉल करीत धावत सुटा, असे सांगितले, आणि कार्लटनने तो सामना दहा गुणांनी जिंकला. त्या दिवशी मैदानावर १,२१,६९६ प्रेक्षक होते. फार्मरने जी वाट पाडली होती ती त्या दिवशी हमरस्ता झाली. आजच्या खेळात किक आणि हँडबॉल जवळजवळ खांद्याला खांदा लावून चालतात.

परत पर्थला

१९६८ साली फार्मर पर्थला परतला, तो मात्र जुन्या ईस्ट पर्थकडे नव्हे, तर त्यांच्या शेजारच्या वेस्ट पर्थ क्लबात, कर्णधार आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने. वेस्ट पर्थने १९६९ आणि १९७१ साली अजिंक्यपद मिळवले, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर होता तो ईस्ट पर्थच. १९७१ साली त्याला ब्रिटिश सरकारचा ‘एम. बी. ई.’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी अजिंक्यपद हाती घेऊन त्याने खेळणे थांबवले. तीन क्लबांचे मिळून ३५६ लीग सामने झाले होते.

पुढे तो १९७३ ते १९७५ जिलाँगचा प्रशिक्षक होता. व्हिक्टोरियाच्या लीगमध्ये मूळ रहिवाशांपैकी कोणी प्रशिक्षक होण्याची ती पहिलीच वेळ. तेथे त्याला मोठे यश लाभले नाही. जे स्वतःला सहज दिसते ते दुसऱ्याला दिसायला लावणे फार कठीण असते, आणि थोर खेळाडू थोर गुरू होतोच असे नाही. तथापि एक आनंदाचा दिवस अजून यायचा होता. तोवर आंतरराज्य सामन्यांत खेळाडू ज्या राज्याच्या क्लबात असेल त्या राज्याकडून खेळे. म्हणून व्हिक्टोरियाचे श्रीमंत क्लब पश्चिमेचे चांगले गडी नेत आणि मग तेच गडी व्हिक्टोरियाकडून खेळत. खुद्द फार्मरनेही व्हिक्टोरियाचा गणवेश घातला होता. ऑक्टोबर १९७७मध्ये प्रथमच प्रत्येकाने आपापल्या मूळ राज्याकडून खेळावे असे ठरले. पर्थच्या सुबियाको मैदानावर पश्चिम ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाला ९४ गुणांनी हरवले. त्या संघाचा प्रशिक्षक फार्मर होता.

एक चुकीचा निष्कर्ष

आता आम्ही ह्या चरित्रातील अवघड भागाकडे येतो. फार्मर १९५३ साली खेळू लागला तेव्हा पर्थ शहराचा मध्यवर्ती भाग मूळ रहिवाशांना निषिद्ध होता. १९२७ साली लागू झालेला तो हुकूम १९५४ साली उठला. १९४४च्या कायद्याप्रमाणे मूळ रहिवाशाला नागरिकत्वाचे हक्क हवे असतील तर त्याला अर्ज करून दाखला घ्यावा लागे, आणि त्यासाठी आईवडील व मुलेबाळे यांखेरीज आपल्या जमातीशी असलेले संबंध दोन वर्षे तोडलेले असल्याचे सिद्ध करावे लागे. हा कायदा १९७१ साली, म्हणजे फार्मर किताब घेऊन निवृत्त झाला त्याच वर्षी, रद्द झाला. मूळ रहिवाशांना देशाच्या निवडणुकांत सरसकट मताधिकार मिळाला तो १९६२ साली, फार्मर जिलाँगला गेला त्या वर्षी. १९६७च्या मे महिन्यात जनमत घेण्यात आले आणि शेकडा ९०हून अधिक मतदारांनी मूळ रहिवाशांची जनगणनेत गणती व्हावी व त्यांच्यासाठी केंद्र सरकारला कायदे करता यावेत, असा कौल दिला. म्हणजे लाखो लोक ज्याच्या नावाचा जयजयकार करीत होते, त्याच्या आईच्या जमातीचे लोक त्याच वेळी माणसांच्या शिरगणतीबाहेर होते.

फार्मरने आश्रमाविषयी पुढे कृतज्ञतेनेच सांगितले. तेथे आपल्याला संधी मिळाली, असे तो म्हणे. हे ऐकून काही जण असा निष्कर्ष काढतात की, मुलांना आईपासून तोडण्याचे ते धोरण एकंदरीत वाईट नसावे. पाहा, त्यातून केवढा खेळाडू निघाला! आम्हाला हा निष्कर्ष अगदी चुकीचा वाटतो. एखादे रोप फरशीच्या फटीतून वर आले तर श्रेय रोपाचे आणि मातीचे. फरशी घालणाऱ्याचे नव्हे. एका मुलाला आसरा देणाऱ्या बाईंची माया निराळी आणि हजारो मुलांना आपल्या भाषेपासून, आप्तांपासून, नावापासून वंचित करणारा कायदा निराळा. १९९७ साली ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ह्या ‘हिरावून नेलेल्या पिढ्यां’च्या कहाण्या प्रसिद्ध केल्या, त्या वाचल्या म्हणजे एका फार्मरच्या उजेडाने किती अंधार झाकला जाऊ शकतो, हे कळते. कृतज्ञ राहायचे की नाही हे फार्मरने ठरवायचे. हिशेब मात्र समाजाने द्यायचा असतो. यशस्वी माणसाची कृतज्ञता ही अन्यायाची पावती म्हणून फाइलला लावता येत नाही.

खेळाने काय घेतले

खेळानेही त्याच्याकडून किंमत वसूल केली. रकमनच्या उडीत कोपर, गुडघे, डोकी एकमेकांवर आदळतात. एकोणीस वर्षे फार्मर हे आघात झेलत होता. उतारवयात त्याची स्मृती गेली. डॉक्टरांचे निदान अल्झायमरचे होते. १४ ऑगस्ट २०१९ रोजी पर्थमध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या कुटुंबीयांनी त्याचा मेंदू शास्त्रज्ञांना तपासायला दिला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूतील पेशींत एक विशिष्ट प्रथिन साचत जाते आणि वर्षानुवर्षांनी बुद्धी, स्मृती, स्वभाव यांवर परिणाम होतो. ह्या रोगाला ‘सी. टी. ई.’ म्हणतात. जिवंतपणी त्याचे निश्चित निदान करता येत नाही. फार्मरच्या मेंदूत तो चारपैकी तिसऱ्या पायरीपर्यंत वाढलेला आढळला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या वरिष्ठ लीगमधील खेळाडूत हा रोग निश्चितपणे सापडल्याचे २०२० साली जाहीर झालेले हे पहिले उदाहरण.

ही बातमी प्रसिद्ध करू देणे कुटुंबीयांना सोपे गेले नसेल. परंतु त्यामुळे एक प्रश्न नुसत्या शंकेच्या प्रांतातून वस्तुस्थितीच्या प्रांतात आला. पूर्वी डोके बधिर झालेला गडी तोंडावर पाणी मारून पुन्हा मैदानात उतरे आणि लोक त्याच्या मर्दुमकीला टाळ्या देत. २०२१पासून ह्या खेळाच्या मुख्य लीगमध्ये मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूला किमान बारा दिवस खेळता येत नाही. आपल्याकडील आखाडे, कबड्डीची मैदाने आणि बॉक्सिंगचे वर्ग चालवणाऱ्यांनीही ह्या गोष्टीचा विचार करावा. मुलाने डोक्याला मार लागूनही खेळत राहावे, यात शौर्य नाही. त्याला वेळीच बाहेर बसवणारा गुरू हाच खरा हितकर्ता.

काय उरले

१९९६ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सन्मानमंदिरात जे अगदी पहिले ‘महापुरुष’ निवडले गेले त्यांत फार्मर होता, आणि शतकातील सर्वोत्तम संघ कागदावर मांडला गेला तेव्हा रकमनच्या जागी त्याचेच नाव आले. त्याच्या नावाने निघालेली एक संस्था मूळ रहिवाशांच्या मुलामुलींना शाळा पुरी करायला आणि पुढे शिकायला साहाय्य करते. पर्थ शहराच्या मध्यभागाजवळून जमिनीखालून जाणारा एक महामार्ग २००० साली खुला झाला. त्याला ‘ग्रॅहॅम फार्मर’ हे नाव आहे, आणि त्यातल्या बोगद्याला लोक कौतुकाने ‘पॉलीची नळी’ म्हणतात. ज्या शहराच्या मध्यवर्ती भागात एके काळी त्याच्या आईच्या लोकांना पाऊल टाकायला बंदी होती, त्या शहराची वाहने आता रोज त्याच्या नावाखालून जातात.

परंतु रस्ते, पदके आणि किताब यांहून मोठे स्मारक आम्हाला दुसरेच वाटते. ऑस्ट्रेलियातील कोणत्याही गावच्या मैदानावर शनिवारी सकाळी लहान मुले खेळत असतात. त्यांतला एखादा पोरगा चेंडू मिळताच तो डोळे मिटून लांब भिरकावीत नाही. मान वर करून पाहतो, मोकळा सोबती हेरतो, आणि मुठीने चेंडू त्याच्या पुढ्यात देतो. फार्मरचे नाव त्याला ठाऊक असेलच असे नाही, पण विद्या फार्मरचीच. चेंडू आपल्यापाशी किती वेळ राहिला यापेक्षा तो आपल्या हातून कोणाकडे, किती चांगल्या स्थितीत गेला, यावरून खेळाडूची पारख करावी, असे त्या खेळातील जाणते लोक आता मानतात. ज्याला लहानपणी फार थोडे मिळाले होते, त्या माणसाने साऱ्या देशाला देण्याची ही रीत शिकवली.